वाशीमला कोण बघणार?

‘तुमच्या वाशीमला असले सिनेमे कोण बघणार?’ हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तो अमरावतीत, १९९० च्या हिवाळ्यात. आम्ही तिघं कॉलेजची मुलं होतो. स्नेहसंमेलनाच्या निधीतून थोडे पैसे उरले होते आणि मराठीच्या सरांनी आमच्या डोक्यात भरवून दिलं होतं, की ‘गर्म हवा’ नावाचा एक सिनेमा आहे, तो कुठूनही मिळवा आणि दाखवा. सिनेमाच्या पेट्या अमरावतीहून येतात एवढंच आम्हाला ठाऊक. एसटीनं गेलो. एका वितरकाच्या कचेरीतल्या कारकुनानं सगळं ऐकून घेतलं, चहाही पाजला, आणि मग हा प्रश्न विचारला. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. त्याला खरोखर नवल वाटलं होतं. ‘सर्किटमध्ये प्रिंटच नाही, बाबू,’ तो म्हणाला, ‘मारधाडीचा एखादा घेऊन जा.’

आम्ही रिकाम्या हातानं परतलो. पुढं मोठ्या शहरांतल्या चर्चांमध्ये हाच प्रश्न मी अनेकदा ऐकला, जरा सुशिक्षित भाषेत: ‘कलात्मक सिनेमाला लहान गावात प्रेक्षक नाही.’ आज त्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर द्यायचं आहे. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल.

आधी आमचा प्रेक्षक कसा होता ते बघू. वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी आम्ही अकोला जिल्ह्यातले. मंगरुळपीरचा उरूस, पोहरादेवीची रामनवमीची यात्रा, कारंज्याचं गुरुमंदिर. या मुलखात माणसं जमायला निमित्तं कमी नाहीत. आणि माणसं जमली की तंबू टॉकीज येई. चारी बाजूंनी कनात, मधोमध पडदा, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. पडद्याच्या मागून बघणाऱ्याला नायक डावखुरा दिसे. प्रोजेक्टर एकच, त्यामुळं रीळ संपलं की दिवा लागे आणि शेंगदाणेवाला फेरी मारून घेई.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना अशाच एका तंबूत नानांच्या मांडीशी बसून ‘संत तुकाराम’ पाहिला. नाना पाच वेळचे नमाजी, जिनिंगमध्ये कामाला. तुकोबाची बायको जिजाई आजारी पोरासाठी देवळात जाऊन विठोबावर वहाण उगारते, तिथं तंबू चिडीचूप झाला. परत येताना नाना इतकंच म्हणाले, ‘बाई बराबर बोलत होती. पोराच्या अंगात ताप, अन हा भजनात.’ जिजाईचं काम करणारी गौरी ही मुळात ‘प्रभात’मध्ये झाडलोटीच्या कामाला आलेली बाई होती, हे मी फार नंतर वाचलं. नानांनी तिला न वाचताच ओळखलं होतं.

आता हा सिनेमा कोणता, तर दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ साली केलेला. मुंबईत तो एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. व्हेनिसच्या परीक्षकांना जे दिसलं तेच वऱ्हाडातल्या तंबूत जिनिंगच्या कामगाराला दिसलं. हा कलात्मक, तो धंदेवाईक, अशी वाटणी त्या तंबूत कुणी केली नव्हती. ती नंतर झाली. कशी झाली ते बघण्यासारखं आहे.

१९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. धंद्याच्या वाटेनं न येणारे जगातले चांगले सिनेमे मिळवायचे, सभासदांनी वर्गणी काढून बघायचे आणि मग त्यांवर कडाडून वाद घालायचा. १९५२ साली मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तिथं इटलीचा ‘बायसिकल थीव्हज’ आणि जपानचा ‘राशोमोन’ आपल्या लोकांनी पाहिला. सायकल चोरीला गेलेल्या एका मजुराची ती गोष्ट बघून बिमल रॉय हलून गेले आणि पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ आला. एक खेळ काय करू शकतो, त्याचं हे उदाहरण. १९५९ साली देशातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला, त्याचे अध्यक्ष राय. १९६० साली चांगल्या सिनेमांना कर्ज देण्यासाठी सरकारची फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन आली. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं. पी. के. नायर यांनी तिथं आयुष्य घातलं; दादासाहेब फाळक्यांच्या सिनेमांची उरलीसुरली रिळं हुडकून आणणारा हा माणूस. संग्रहालयानं नुसती रिळं जपली नाहीत. ग्रंथालयानं पुस्तकं द्यावीत तशी त्यांतली काही ते सोसायट्यांना बघायला देई.

मराठी मध्यमवर्गात ही चळवळ खऱ्या अर्थानं रुजली ती १९६८ साली, मुंबईच्या प्रभात चित्र मंडळानं. दिनकर गांगल, सुधीर नांदगावकर अशी मंडळी त्यात होती. त्याआधीच्या सोसायट्यांचा कारभार बहुतेक इंग्रजीत चाले. ‘प्रभात’नं कुरोसावा आणि बर्गमन यांच्यावर मराठीत बोलायला आणि लिहायला सुरुवात केली. लालबाग-परळचा नाही तरी दादर-गिरगावचा माणूस त्या खुर्चीवर बसला. हे काम मोठं होतं, त्याबद्दल मनात आदरच आहे.

पण या व्यवस्थेत एक अट होती. सोसायटीच्या खेळांना सेन्सॉरची सवलत मिळे, ती खेळ फक्त सभासदांसाठी असतो म्हणून. दारावर तिकीट विकायचं नाही. वर्षाची वर्गणी आधी भरायची. नोकरदाराला हे जमतं. ज्याच्या हातात कापूस विकल्यावरच पैसा येतो, त्याला उरुसाच्या रात्री पटकन काढलेलं तिकीट परवडतं. वर्षाचं सभासदत्व त्याच्या हिशेबात बसत नाही. दार कुणी मुद्दाम लावलं नव्हतं. ते आमच्याकडं उघडत नव्हतं, इतकंच.

दुसरी वाट बाजाराची. तिची गंमत अशी, की सिनेमाच्या धंद्याचा नकाशा सरकारी नकाशाहून निराळा आहे. १९५६ साली राज्यं नव्यानं आखली गेली, १९६० साली महाराष्ट्र झाला; वितरकांनी मात्र जुनाच नकाशा भिंतीवर ठेवला. त्यांच्या लेखी वाशीम अजून ‘सीपी-बेरार’मध्ये, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. पैनगंगा ओलांडून हिंगोलीकडं गेलं की ‘निझाम’ सुरू. पुणे-मुंबई ‘बॉम्बे सर्किट’. निझामाचं राज्य गेलं, मध्य प्रांत गेला, पण सिनेमाच्या वहीत दोघं जिवंत आहेत. आमच्या सर्किटच्या धंद्याची संघटना भुसावळला आणि वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीला.

एका सर्किटचे हक्क वितरक विकत घेतो, निर्मात्याला किमान हमीची रक्कम देतो. मग ती रक्कम सुटावी म्हणून प्रिंट आधी मोठ्या शहरांत फिरते, नंतर तालुक्यांत. पत्र्याच्या जड पेट्या अकोल्याहून मीटरगेज गाडीनं नाही तर एसटीच्या टपावरून वाशीमला यायच्या. तोवर प्रिंट इतकी घासलेली असे, की उन्हाळ्यातसुद्धा आमच्या पडद्यावर पाऊस पडे. हे झालं चालणाऱ्या सिनेमाचं. ज्यात गाणं नाही, नट नावाजलेला नाही, अशा सिनेमाला हमीची रक्कम कोण देणार? त्याच्या प्रिंटाच मोजक्या निघत. मुंबईत मंत्रालयाजवळच्या आकाशवाणीच्या सभागृहात फिल्म फायनान्स कॉर्पोरेशननं आणि पुढं एनएफडीसीनं असे सिनेमे दाखवले, हे आज आकाशवाणीवरूनच बोलताना सांगायला बरं वाटतं. पण सरकारच्या पैशानं तयार झालेले कितीतरी सिनेमे डब्यातच राहिले. कर्ज द्यायला सरकार होतं, बघायला माणसं होती. मधला रस्ता कुणी बांधलाच नाही.

रस्ता बांधला असता तर माणसं आली असती, हे मी कशावरून म्हणतो? कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचं सुपारीच्या बागांमधलं खेडं आहे. तिथं के. व्ही. सुब्बण्णा यांनी ‘नीनासम’ या नाटक मंडळीच्या जोडीला १९७३ साली चित्रसमाज काढला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक सतीश बहादूर यांची मदत घेतली आणि जगातले नाणावलेले सिनेमे शेतकऱ्यांना कन्नडमध्ये समजावून सांगत दाखवले. लोक बसले आणि त्यावर बोलले. केरळात जॉन अब्राहम आणि त्याच्या मित्रांनी १९८४ साली ‘ओडेसा’ नावाची मंडळी उभी केली. प्रोजेक्टर घेऊन गावोगाव खेळ करायचे, लोकांकडून पैसे गोळा करायचे. त्यातून ‘अम्मा अरियान’ हा सिनेमा १९८६ साली पुरा झाला. आणि श्याम बेनेगल यांचा १९७६ चा ‘मंथन’ तर गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन काढला, आणि आपला सिनेमा बघायला ते ट्रक भरभरून आले. आमच्या कापूसवाल्यांत आणि त्या दूधवाल्यांत मला तरी फरक दिसत नाही. त्यांना कुणीतरी विचारलं होतं.

आम्हाला विचारलं ते दूरदर्शननं, तेही नकळत. ऐंशीच्या दशकात गावोगाव प्रक्षेपण केंद्रं झाली आणि मोहल्ल्यात एखादा टीव्ही आला. रविवारी दुपारी मूकबधिरांसाठीच्या बातम्या संपल्या की प्रादेशिक भाषेतला पुरस्कार मिळालेला सिनेमा लागे. बंगाली, मल्याळी, आसामी. खाली इंग्रजीत अक्षरं. शहरातले लोक त्या वेळी झोप काढत, असं ऐकलं आहे. आमच्याकडं मात्र टीव्ही बघायचा म्हणजे जे लागेल ते बघायचं. खोलीत आमच्या घरच्या बायका, मागच्या आळीतल्या काकू, पोरंटोरं. माझं बी.ए. चालू होतं, इंग्रजी बऱ्यापैकी येई. म्हणून खालची अक्षरं वाचून मोठ्यानं सांगायचं काम माझ्याकडं लागलं. अक्षरं झर्रकन जात. लांबलचक संवादाचं चार शब्दांत सांगावं लागे, आणि ते चार शब्द चुकले तर बायका लगेच पकडत. ‘तिचं तोंड तं काही दुसरंच सांगून राहिलं,’ असं काकू म्हणत. पुढं कविता लिहायला लागलो, तेव्हा या खोलीतली शिकवण सगळ्यात जास्त कामी आली.

२३ एप्रिल १९९२ रोजी सत्यजित राय गेले आणि दूरदर्शननं त्यांचे सिनेमे दाखवले. ‘पथेर पांचाली’ आम्ही त्या उन्हाळ्यात पाहिला. म्हातारी आत्या इंदिर घराबाहेर पडते, तेव्हा खोलीत भांडण जुंपलं. शेजारच्या खाला म्हणाल्या, ‘बुढीले असं बोलाव का?’ काकू म्हणाल्या, ‘घरात दाणा नाही, नवरा बाहेरगावी, मंग माणूस बोलतेच.’ मी वाचायचा थांबलो तरी कुणाचं लक्ष नव्हतं. पुढं दुर्गा तापात जाते. बाप परत येतो, त्याला काही ठाऊक नाही. तो आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवतो, दुर्गासाठी घेतलेली साडी बाहेर काढतो, आणि बरोबर तिथं वीज गेली.

अंधारात कुणी उठलं नाही. थोड्या वेळानं बायकांनी उरलेली गोष्ट आपापली पुरी करायला घेतली. काकूंच्या मते ते कुटुंब आता तिथंच राहणार, माणूस आपलं गाव सोडून कुठं जाईल? खाला म्हणाल्या, ‘नाही, जातीन ते. अन ते पोरगं आता आगगाडीत बसन. त्यानं दुरून पाह्यली ना गाडी? मंग बसन.’

यानंतर मधे बरीच वर्षं गेली. २००५ साली कवितावाचनाच्या निमित्तानं पुण्यात मुक्काम होता. एक मित्र फिल्म सोसायटीचा सभासद. त्याच्या पासवर मी संग्रहालयाच्या थिएटरात गेलो. त्या संध्याकाळी ‘गर्म हवा’ होता. अमरावतीच्या चहानंतर पंधरा वर्षांनी तो मला भेटत होता.

एम. एस. सथ्यू यांचा हा सिनेमा १९७३ चा. मूळ कथा इस्मत चुगताई यांची, पटकथा कैफी आझमी आणि शमा झैदी यांची. कॉर्पोरेशननं अडीच लाखांचं कर्ज दिलं. सेन्सॉरनं तो महिनोन्‌महिने अडवून धरला, १९७४ साली तो लागला, आणि मग त्यालाच राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार मिळाला. नायक बलराज साहनी १३ एप्रिल १९७३ रोजीच गेले होते. लोकांनी तो पाहिलेला त्यांना दिसला नाही. फाळणीनंतर आग्र्यात राहिलेला चपलांचा कारखानदार सलीम मिर्झा, त्याची ही गोष्ट. तो एकेका नातेवाइकाला स्टेशनवर सोडून येतो आणि टांगेवाला विचारतो, आज कुणाला सोडलं? त्याची म्हातारी आई हवेली सोडायला तयार नसते, लाकडाच्या कोठीत जाऊन लपते.

आमच्या अब्बांनी १९५२ साली आपल्या थोरल्या भावाला असंच वाशीमच्या स्टेशनवर सोडलं होतं. ते कराचीला गेले. अब्बा राहिले. का राहिले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. काही प्रश्न घरात विचारायचे नसतात. ईदेला कराचीहून पत्र येई, ते अब्बा एकदा वाचत आणि कुराणाच्या रेहलीखाली ठेवून देत. पुण्याच्या त्या थिएटरात, वातानुकूलित अंधारात, मला सारखं वाटत राहिलं की या खुर्चीवर मी चुकून बसलो आहे. ही जागा अब्बांची होती. आणि त्यांच्या एका बाजूला मागच्या आळीतले काका बसलेले असायला हवे होते, ज्यांच्यासोबत त्यांनी चाळीस वर्षं चहा घेतला आणि या विषयावर एक शब्द काढला नाही. १९७४ साली हा सिनेमा सीपी-बेरारच्या वाटेनं, पावसाळी प्रिंट का होईना, आमच्याकडं आला असता, तर परतीच्या रस्त्यावर कदाचित ते दोघं बोलले असते. अब्बा जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

खेळ संपला. जाणकार प्रेक्षक शांतपणे उठले, काहींनी छायालेखनाबद्दल चांगलं बोललं. कुणी कुणाशी भांडलं नाही. मला आमच्या खोलीतल्या बायकांची फार आठवण झाली.

आता काळ पालटला आहे. ‘गर्म हवा’ दुरुस्त होऊन २०१४ साली पुन्हा लागला. ‘पथेर पांचाली’च्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत जळाल्या होत्या, त्यातून वाचलेल्या फिती जोडून २०१५ साली तो नव्यासारखा उभा राहिला. ‘मंथन’ २०२४ साली कान महोत्सवात दाखवला गेला. पुण्याचं संग्रहालय २०२२ पासून एनएफडीसीत विलीन झालं आहे. जुन्या सिनेमासाठी आता पेटी लागत नाही, सर्किट लागत नाही. वाशीमची गाडीही २००८ पासून ब्रॉडगेज झाली. जो सिनेमा आमच्यापर्यंत कधी पोचला नाही, त्यातला बराचसा आज खिशातल्या फोनवर मिळतो.

आणि नेमकी तंबूतली कनात गेली. आमच्या भागातली एकपडदा थिएटरं बंद पडत गेली, काहींची मंगल कार्यालयं झाली. एकट्यानं फोनवर बघताना ‘बुढीले असं बोलाव का?’ असं कुणाला म्हणणार? सिनेमा निम्मा पडद्यावर असतो आणि निम्मा शेजारी बसलेल्या माणसात. आधी आमच्याकडं शेजारी होता, सिनेमा नव्हता. आता सिनेमा आला आणि शेजारी उठून गेला.

मला फार मोठं काही सुचवायचं नाही. १९६७ च्या कायद्यापासून महाराष्ट्रात गावोगाव सार्वजनिक वाचनालयं आहेत. जुनं पुस्तक पुन्हा वाचायला मिळावं म्हणून आपण ती चालवतो. जुना सिनेमा पुन्हा बघायला मिळावा, हीही तशीच गरज आहे. महिन्यातून एक संध्याकाळ, पांढरी भिंत, भाड्याचा प्रोजेक्टर, रीतसर परवानगी काढलेला एक सिनेमा, आणि खालची अक्षरं मोठ्यानं वाचणारं एखादं कॉलेजचं पोरगं. वर्गणीची अट नको. दार उघडं असावं.

त्या पुण्याच्या मुक्कामातच मी रायांचा ‘अपराजितो’ही पाहिला. १९५६ चा, ‘पथेर पांचाली’चा पुढचा भाग. पहिल्या भागाच्या शेवटी ते कुटुंब बैलगाडीतून गाव सोडतं. आणि दुसरा भाग उघडतो तो धावत्या आगगाडीतून. पुलाच्या लोखंडी कमानी मागं पडतात, खाली गंगा, समोर बनारस.

परत आल्यावर मी आधी खालांकडं गेलो. त्या थकल्या होत्या, डोळ्यांना कमी दिसे. त्यांना सांगितलं, ‘खाला, ते पोरगं आगगाडीत बसलं बरं का.’ त्यांना क्षणभर लागला नाही. ‘मी सांगतलंच होतं तुले,’ त्या म्हणाल्या, ‘तूच कागद-पुस्तकं पाहत होता.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)